डागी पतंगांचा रकाना

११ मार्च, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. ही वेळ मी अंदाजाने सांगत नाही. ती द्वारकाआत्याने स्वतःच्या हाताने वहीत लिहून ठेवली आहे. त्या वेळी ती तुर्भ्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, पतंगांच्या सापळ्याचे झाकण काढून बसली होती. हे पतंग दिव्यावर झेपावणारे. ती त्यांना पाकोळ्या म्हणत असे. नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी प्रयोगशाळेत मला बाबांचा फोन आला. बाबा कोणत्याही फोनची सुरुवात "खाल्लंस का?" अशी करतात. त्या दिवशी केली नाही. "आक्का गेली," म्हणाले. मग, "चहा घेतला, भिंतीला टेकली, ती टेकलीच बघ."

घरी पोचले तेव्हा बायका जमल्या होत्या. शेजारच्या काकू कोणाला तरी सांगत होत्या, "शेवटच्या दिवशीपण किडे मोजत होत्या हो बिचाऱ्या. तेवढाच विरंगुळा." त्या दिवशी मी तशीच बाबांकडे आत गेले. आता पाच आठवडे उलटले आहेत आणि ते वाक्य सोडून देण्याची माझी तयारी नाही. दोन्ही गुडघे गेलेली बाई तीन वर्षे, जानेवारी ते मार्च, रोज उजाडायच्या आत लोखंडी जिन्याच्या एकवीस पायऱ्या विरंगुळा म्हणून चढत नाही. ते काम होते. त्याला हुद्दा नव्हता, पगार नव्हता. पण शिस्त होती, आणि ती माझ्या शिस्तीपेक्षा कडक होती. शोकसभेला शोभेल असे मृदू काही माझ्याकडून होणार नाही. आत्यालाही ते आवडले नसते.

द्वारकाआत्या बाबांची थोरली बहीण. पाटण तालुक्यातून लग्न होऊन आली, चार वर्षांत विधवा झाली आणि वाशीच्या घाऊक बाजारात कांदा निवडायला लागली. पुढची एकतीस वर्षे तिने तेच केले. गाळ्यावर गोणी रिकामी व्हायची, बायका गोल करून बसायच्या आणि कांदा हातातून जाता-जाता वेगळा व्हायचा: मोठा तो गोळा, मधला तो गोल्टी, बारीक ती चिंगळी. सडका, कोंब फुटलेला, दबलेला असेल तो डागी. तो पाठीमागे फेकायचा. आत्याचा हात कांद्याला लागेपर्यंत तिच्या डोळ्यांचे काम संपलेले असे. मी दहावीत असताना एकदा घड्याळ लावून पाहिले होते. मिनिटाला किती, तो आकडा आठवत नाही, आणि न आठवणारा आकडा मी लिहिणार नाही; हे मी तिच्याकडूनच शिकले. पुढे गुडघे गेले. मांडी घालून बसता येईना. मुकादमाने स्टुलावर बसून निवडायची परवानगी दिली नाही. गोलात एक बाई उंच बसली की बाकीच्यांच्या हाताची लय मोडते, म्हणाला. आत्या घरी आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "चला. म्या पन डागीत गेले." आम्ही हसलो. ती हसली नव्हती, हे मला फार उशिरा कळले.

माझा सापळा त्याच हिवाळ्यात गच्चीवर आला. बादली, तिच्या तोंडावर नरसाळे, वर निळसर दिवा. बादलीच्या पोटात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, म्हणजे आत घसरलेल्या पतंगांना बसायला खळगे मिळतात. रात्री दिवा लावायचा, पहाटे ट्रे एकेक करून उचलायचा, मोजायचे आणि पाखरे जागी होण्याआधी सगळे झाडीत सोडून द्यायचे. घरामागे कारखान्यांकडून येणारा नाला आहे. त्याच्या काठावर करंज, भेंड, एरंड आणि कोणी तरी कधी तरी लावलेली कण्हेर. लोक त्याला घाण म्हणतात. माझा प्रश्न त्या घाणीविषयीच होता: इथे वसंत नेमका कधी सुरू होतो? दिनदर्शिकेत नव्हे, पळस बघायला घाटावर जाऊन नव्हे. इथे, ट्रकांच्या धुरात, नाल्याच्या काठी. पतंगांची नवी पिढी कोशातून बाहेर पडू लागली की वसंत लागला, अशी माझी व्याख्या होती. पण मला रोज प्रयोगशाळेत सकाळी आठला हजर राहावे लागे, म्हणून बहुतेक दिवस मी वसतिगृहातच राहत होते. आत्या म्हणाली, "मोजायचंच हाय न्हवं? दे इकडं."

मी तिला एक छापील सूचनापत्रक दिले. चौथी शिकलेल्या आत्याने ते दोनदा वाचले, घडी करून टाकीवर ठेवले आणि स्वतःची वही उघडली. टाकीशेजारच्या खिळ्याला सुतळीने बांधलेली ती वही, आणि वहीला बांधलेले पेन. लॅटिन नावांच्या भानगडीत ती पडली नाही. आकाराने तिचे तीन ढीग तयारच होते: गोळा, गोल्टी, चिंगळी. आठवडाभरात ढिगांत जाती आल्या. कण्हेरीवर वाढणारा तो मोठा हिरवा पतंग तिने 'पाटलीण' केला. करड्या, केसाळ पतंगाला 'घोंगडी'. तिने मोबाइलवर काढलेली छायाचित्रे बघून मी तिच्या नावांपुढे शास्त्रीय नावे लिहीत गेले. तिची एक 'घोंगडी' मी दोन वेगळ्या जातींत घातली, तेव्हा तिने फोटो डोळ्यांपाशी नेऊन पाहिला आणि म्हणाली, "एकाच घरातली हायती. ही थोरली, ही धाकटी." पुढे निघाले तसेच; एक मादी, दुसरा त्याच जातीचा नर.

आणि तरीही पहिल्या वर्षीचे सहा आठवडे हातचे गेले. फेब्रुवारीच्या एका रविवारी मी पहाटे वर गेले तर आत्या ट्रेमधून काही पतंग चिमटीत धरून कठड्यापलीकडे टाकत होती आणि दोन बुलबुल तिथे ठरल्या वेळेला आल्यासारखे वाट बघत होते.

"हे काय चाललंय?"

"डागी हाय ती. पंख फाटल्यालं, रंग उडाल्यालं."

"मोजलीस का?"

"डागी कोण मोजतं? आदी डागी काडायचा, मग माल मोजायचा."

मी ट्रे तिच्या हातातून काढून घेतला. पतंगाच्या पंखावर बारीक खवले असतात. जितके दिवस तो उडतो तितके ते झडत जातात. कोरे पंख म्हणजे ताजा जन्म, झडलेले पंख म्हणजे जुनी पिढी. माझे अख्खे उत्तर त्या दोघांच्या प्रमाणात होते, आणि त्यातला अर्धा भाग सहा आठवडे बुलबुलांच्या पोटात जात होता. मी तिला नको ते बोलले. "माझं वर्ष घालवलंस तू," हे त्यातले सर्वांत सौम्य. आत्याने ऐकून घेतले, टाकीवरचे सूचनापत्रक उलगडले आणि माझ्यापुढे धरले. "दाव कुठं लिव्हलंय डागी मोज म्हणून." लिहिलेले होते, 'सर्व पतंग मोजावेत'. एकतीस वर्षे ज्या बाईच्या 'सर्वां'त डागी कधी आला नाही, तिला हे वाक्य मी दिले होते. चूक मोजणारीची नव्हती. सूचना लिहिणारीची होती.

पण मी महत्त्वाकांक्षी आहे, आणि ते लपवण्यासारखे आहे असे मला वाटत नाही. वर्ष वाचवायचा मार्ग मी दोन दिवसांत काढला: पुढचे दहा दिवस डागी मोजायचे, प्रमाण काढायचे आणि त्या प्रमाणाने मागचे सहा आठवडे भरायचे. हिशेब सोपा होता. आत्याला म्हटले, वहीत पेन्सिलने हे आकडे घाल. तिने वही मिटली.

"बगितलं न्हाई ते लिवायचं न्हाई."

"अगं, सगळे करतात. त्याला अंदाज म्हणतात."

"मग अंदाजाची वही येगळी घे. ह्या वहीत न्हाई."

ती पाने आजही तशीच आहेत. दुसऱ्या दिवसापासून तिने पट्टी घेऊन चौथा रकाना आखला आणि वर लिहिले: डागी. त्या रकान्याला ती सर्वांत जास्त वेळ देई. गोळा, गोल्टी, चिंगळी हे झरझर. मग चष्मा पुसून, एकेक फाटका जीव उजेडाकडे धरून, खरेच डागी आहे की नुसता भिजलेला, हे ठरवून शेवटी तो आकडा. एकूण बेरीज मात्र वर करायची नाही. खाली येऊन, चहा घेऊन, मग. "उपाशी बेरीज चुकती," हा बाजाराचा नियम. बुलबुलांनी आठवडाभर कठड्यावर चकरा मारल्या आणि नाद सोडला.

दुसरा वसंत पुरा हाती आला. जानेवारीत चिंगळी-गोल्टीच्या बरोबरीने डागी. फेब्रुवारीत डागीच जास्त. आणि मग एका सकाळी, एकाच सकाळी, कोऱ्या पंखांची झुंबड आणि डागी बोटांवर मोजण्याइतके. त्या पानावर आत्याने समासात लिहिले आहे, 'नवा माल आला'. मी त्यावर भित्तिपत्रक केले, परिषदेत लावले, बक्षीस मिळाले. घरी आणून तिला दाखवले. तिने चष्मा लावून वरपासून खालपर्यंत पाहिले.

"ह्यात म्या कुठं हाय?"

मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवले आणि तिचे मराठी सांगितले, 'क्षेत्रकार्यासाठी स्थानिक मदतनिसांचे आभार'. आत्याने त्या ओळीवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "मुकादमाच्या चिठ्ठीवर असंच असायचं. 'निवड, बाया नऊ.' त्या नऊत म्या." आवाजात राग नव्हता. तिने ते पत्रक नीट गुंडाळून दिले, रबर लावून. मला मात्र त्या दिवसापासून ते बक्षीस कपाटात पालथे ठेवावे लागले आहे.

म्हणून संशोधनलेख लिहिताना निरीक्षकाच्या जागी मी तिचे पूर्ण नाव घातले: द्वारका विठोबा साळुंखे. जानेवारीत लेख परत आला. परीक्षकाने लिहिले होते की सदर निरीक्षकाचे शिक्षण आणि प्रशिक्षण अस्पष्ट आहे. या नोंदी वगळाव्यात, किंवा पात्र व्यक्तीच्या देखरेखीखाली घेतल्याचे नमूद करावे. माझे मार्गदर्शक भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "निरीक्षक म्हणून तुझं नाव घाल. सापळा तुझा, पद्धत तुझी. काय चुकीचं आहे त्यात?" चुकीचे काय, ते त्यांना सांगण्यापेक्षा मी त्यांना पहाटे गच्चीवर बोलावले.

ते आले, फेब्रुवारीच्या गारठ्यात, हातात मोजणीचे यंत्र घेऊन. आत्याने त्यांना स्वतःचे स्टूल दिले.

"मावशी, किती आहेत आज?"

"तुमी आदी मोजा, साहेब. माझा आकडा सांगितला की तुमचं डोळं तेवढंच शोधत बसत्यात. बाजारात घेणाऱ्याची बाई येगळी मोजती, देणाऱ्याची येगळी."

सरांनी माझ्याकडे पाहिले. हेच तत्त्व ते आम्हाला पहिल्या सत्रात तीन तास शिकवतात. दोघांनी पाळीपाळीने मोजले, एक मोजताना दुसरा पाठमोरा. सरांचे एक्केचाळीस, आत्याचे त्रेचाळीस. पुन्हा ट्रे उलटले. दोन चिंगळ्या पुठ्ठ्याच्या फाटीत होत्या, आत्याने त्या हाताला लागण्याआधीच हेरल्या होत्या. सर मनापासून हसले. तेवढ्यात आत्या म्हणाली, "हलू नगा." त्यांच्या बाहीवर आणखी एक बसला होता, दोघांनाही न दिसलेला. "ही चूक आपल्या दोघांच्याबी पदरात," ती म्हणाली, आणि वहीत लिहिले: त्रेचाळीस, पुढे, 'एक मागाहून साहेबांच्या बाहीवर'. तो चुकलेला एक तिने आतल्या आकड्यात मिसळला नाही.

जिना उतरताना सर म्हणाले, "मोजणी बिनचूक आहे. पण परीक्षक काही तुझ्या गच्चीवर येणार नाही. तुझी शिष्यवृत्ती या लेखावर आहे, विचार कर." मी विचार केला, हे मान्य करते. दोन दिवस केला. मग आत्यालाच विचारले. ती लसूण सोलत होती.

"लाव की तुझं नाव. मला काय त्याचं."

"खरंच?"

"व्हय. मग उद्यापास्नं पहाटं उठायचं बी तूच. ज्याचं नाव त्याची झोपमोड." आणि वर न बघता, "शाणी हायेस. इतकं शिकल्यालीला इचारावं लागतंय."

लेख तिच्या नावानेच परत गेला. तिसरा वसंत चालू होता. त्याचा निकाल तिला कळायचा होता...

ती गेली त्या जागी घरच्यांनी रिवाजाप्रमाणे पीठ पसरून दिवा लावला आणि वर टोपली घातली. सकाळी टोपली उचलून पिठात कोणाचे पाऊल उमटले आहे ते बघतात. दुसऱ्या सकाळी पिठात एक पतंग पडला होता, त्याने केलेल्या नागमोडी रेघांसह. बायकांनी हात जोडले. "आक्काच आली," बाबा म्हणाले आणि त्यांना रडू फुटले. तोवर ते रडले नव्हते. मी बाबांचा हात धरून उभी राहिले, पण हात जोडले नाहीत. ती आत्या नव्हती. तो गवतावर वाढणारा एक लहानसा पतंग होता, नर, उजवा पंख टोकाशी फाटलेला. डागी. मी त्याला पुठ्ठ्यावर घेऊन नाल्याकडे सोडले, आणि वहीत त्याची नोंद केली नाही, कारण तो सापळ्यात आलेला नव्हता. हे वाचून मला कोरडी म्हणणारे म्हणोत. आत्याची आठवण तिची वही बिघडवून ठेवायची नसते. बाराव्यापर्यंत गच्चीवरचा दिवा बंद होता. त्या दिवसांपुढे मी शून्य लिहिले नाही, 'दिवा लावला नाही' असे लिहिले. शून्य म्हणजे पाहिले आणि नव्हते. आम्ही पाहिले नव्हते.

मागच्या आठवड्यात परीक्षकाचे उत्तर आले. निरीक्षकाचे निधन झाल्याचे मी कळवले होते; त्याबद्दल एक ओळ सहानुभूतीची. पुढे सूचना: निरीक्षक आता पडताळणीसाठी उपलब्ध नसल्याने तिच्या नोंदी 'अनौपचारिक' म्हणून परिशिष्टात टाकाव्यात, आणि ११ मार्चची नोंद अपूर्ण आहे, ती एक तर पूर्ण करावी किंवा काढावी. मी लेख मागे घेतला आहे. यंदाची शिष्यवृत्ती गेली. सरांनी ते मला दोनदा सांगितले, मला पहिल्यांदाच ऐकू आले होते. तोच लेख आता दुसरीकडे पाठवते आहे. निरीक्षकाच्या जागी तेच नाव, तिची वही जशीच्या तशी छायाचित्रांसह जोडलेली, डागी न मोजलेल्या सहा आठवड्यांसकट. तिथूनही परत आला तर तिसरीकडे. पडताळणी हवी असेल त्याने पहाटे सहाला तुर्भ्याला यावे. स्टूल आहे. मोजणारी आता मी आहे, आणि आधी ज्याने-त्याने आपले मोजायचे.

वही अजून टाकीशेजारच्या खिळ्याला आहे. सुतळी बदलली नाही. मी माझ्या नोंदी नव्या पानापासून सुरू केल्या. तिचे शेवटचे पान मी रोज सकाळी उलटून पुढे जाते, त्यामुळे ते कोपऱ्यात थोडे मळले आहे. ११ मार्च, सहा वाजून दहा मिनिटे. आभाळ मोकळं, वारा न्हाई. गोळा दोन. गोल्टी नऊ. चिंगळी सव्वीस. 'एकूण'पुढची जागा कोरी आहे, कारण बेरीज चहानंतर करायची होती. ती अपूर्ण नोंद नाही. तिने जेवढे पाहिले तेवढे सगळे त्यात आहे. बेरीज कोणालाही येते. मी करणार नाही, आणि कोणाला करू देणार नाही. तिच्या हातचा शेवटचा आकडा चौथ्या रकान्यात आहे, चष्मा पुसून, उजेडाकडे धरून, खात्री करून लिहिलेला.

डागी : पाच.